मासवडीला परका माणूस पाहिजे

आमचे गेणूतात्या ओळख काढण्यात भलतेच पटाईत. समोर कुणीही येवो, त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. गाव कुठलं, आडनाव काय आणि आजोळ कुठं. तिसऱ्या उत्तराला तो माणूस आमच्या चुलत आत्याच्या नणंदेचा दीर तरी निघतोच. एकदा दवाखान्यात सलाईन लावून घेता घेता त्यांनी नर्सला भाची करून टाकलं होतं. मला याचं कौतुक वगैरे अजिबात नाही, कारण या माणसाला शेजारच्या सीटवर बसवून गाडी चालवायची पाळी माझ्यावर आली.

झालं असं, की डिंभे धरणाच्या काठी एका वाइनवाल्याने खाद्य आणि वाइन महोत्सव भरवला. गावाकडच्या पदार्थांना तिथे टेबलं मिळणार होती. तात्यांची बायको झुंबरबाई ही माझी सख्खी मावशी. तिच्या मासवडीचं बोरी बुद्रुकमध्ये मोठं नाव. बेसनाच्या घट्ट पिठल्याची पोळी ओल्या फडक्यावर थापायची, आत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून गुंडाळायची, वड्या कापायच्या आणि सोबत काळा, झणझणीत रस्सा. मासा फक्त नावात, त्यामुळे माळकऱ्यांनाही चालते. मी मावशीसाठी टेबल मिळवलं. मला वाटलं ती नको नको म्हणेल. ती लगेच तयार झाली.

"आजवर खाल्ली ती समद्या पाव्हण्यांनी," ती म्हणाली. "पाव्हणा वाईट कसा म्हनंल, अक्षदा? एकदा तरी कुनी परक्यानं खाऊन सांगावं, बरी हाय का न्हाई ते."

एवढ्या वर्षांत हे तिच्या मनात आहे, हे मला माहीतच नव्हतं. मला वाईट वाटलं आणि त्याच भरात मी तात्यांनाही गाडीत घेतलं.

सकाळी तीन मोठे डबे मासवडी, रश्श्याची किटली आणि भाकऱ्यांची चवड घेऊन आम्ही निघालो. थंडी सरत आलेली, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, मधे मधे कांदा. मला खरं तर गाणी लावून निवांत जायचं होतं. पण निमगाव सावाची पाटी दिसली आणि तात्या चुळबुळू लागले. तिथे त्यांचे व्याही सोमाजी राहतात. व्याह्याच्या शिवारातून पाणी न पिता गेलो हे त्यांना कळलं, तर पुन्हा तोंड कसं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. गेलो. चहा झाला, पोहे झाले. आणि व्याह्याकडे रिकाम्या हाताने कसं बसायचं म्हणून तात्यांनी पहिला डबा उघडला. सगळ्या घराने एकमुखाने सांगितलं की अशी मासवडी उभ्या तालुक्यात होत नाही. मावशी मान खाली घालून हसली आणि गाडीत बसल्यावर तिने उरलेले दोन डबे आपल्याजवळ ओढून घेतले.

पुढे खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसल्या. आभाळाकडे तोंड करून कुणाचा तरी ठाव घेत बसलेल्या त्या तबकड्या मला तात्यांच्याच भावकीतल्या वाटल्या. घोडेगावात त्यांचा जुना दोस्त भेटला. दुसरा डबा तिथे गेला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं तेव्हा तात्यांनी मला चक्कर आली का, असं काळजीने विचारलं.

डिंभ्याला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. पाणी निळंशार, पलीकडे भीमाशंकरचे डोंगर आणि अलीकडे मांडवात पुण्या-मुंबईची गर्दी. वाइनच्या टेबलावरच्या मुलीने तात्यांपुढे ग्लास धरला. तात्या माळकरी, ते थेंबही घेणार नाहीत. नुसता वास घ्या, कोणतं फळ जाणवतं ते सांगा, असं ती म्हणाली. तात्यांनी नाक खुपसून, डोळे मिटून बराच विचार केला आणि सांगितलं, "द्राक्ष." अननस नाही का जाणवत, असं तिने आशेने विचारलं. तात्यांनी उलट तिचं आजोळ विचारलं. ती तात्यांच्या मंचरच्या मामांची नात निघाली.

इकडे मावशीने शेवटचा डबा मांडला. पण गिऱ्हाईक आलं की पाठोपाठ तात्या हजर. औरंगपूरचा माणूस आला, तो मेहुणा ठरला. पुण्याची बाई आली, तिची सासू तात्यांच्या मावसबहिणीची मैत्रीण होती. मेहुण्यानं वाहवा केली, त्या बाईनंही वाहवा केली. डब्यात मोजक्या वड्या उरल्या आणि मावशीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात एक मुलगी आली. पुण्यात नोकरी, गाव आसामात. तात्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्यांना गावातला कुणीतरी फौजी आठवला, तो तिकडेच कुठेतरी होता म्हणे. मावशीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तो फौजी जागच्या जागी थांबला.

मुलीने वडी रश्श्यात बुडवून खाल्ली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"नमक थोड़ा ज़्यादा है, आंटी," ती म्हणाली आणि रिकामी डिश पुढे केली. "और मिलेगा?"

मावशीने होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या वड्या तिच्या डिशमध्ये घातल्या. मग तात्यांकडे वळली. "अवं, मीठ जास्त असतंय व्हय माझं?"

तात्या धरणाच्या पाण्याकडे बघत राहिले. "लग्न झाल्यापासनं," ते म्हणाले. "तवा तू नवी व्हतीस, कसं बोलनार? मंग ते ऱ्हाऊनच गेलं."

मी भांडणाच्या तयारीने मागे सरकले. मावशी मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिला इतकं मोकळं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परतताना तिने मागच्या सीटवरून एकेक पदार्थ विचारायला घेतला. आमटी? तात्या भीत भीत म्हणाले, पातळ. थालीपीठ? जरा चिवट. शेंगोळी? तिखटजाळ. नारायणगाव येईपर्यंत तिच्या स्वयंपाकाचं पार पानिपत झालं होतं. शेवटी तिने पुरणपोळीचं विचारलं.

तात्यांनी मान मागे वळवली. "तिला नाव ठिवाया जागा न्हाई," ते म्हणाले.

मी आरशात पाहिलं, तर मावशी चक्क लाजली होती.