सरकारविरुद्ध दावा, सोप्या भाषेत

दोन वर्षांत आमच्या कमिटीने किती नियम बदलले ते मीटिंगची मिनिट्स बघून सांगता येईल. किस्से किती झाले ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मिनिट्स मीच लिहायचे, त्यामुळे दोष माझाच!

पुण्यात मी वकिली करायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनला आले आणि डब्लिनच्या एका सरकारी कचेरीत चिकटले. तिथे तिघांची कमिटी होती. सामान्य माणसाला सरकारवर दावा लावायचा असेल तर कुठला फॉर्म, कुणाला नोटीस, किती दिवसांत, याचे जुने नियम आम्हाला सोपे करायचे होते. नोरा अध्यक्ष, डेक्लन मुरलेला वकील, आणि मी.

*

पहिलीच मीटिंग. नोराने विचारलं, "जुने नियम कसे वाटतात?"

डेक्लन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ग्रँड."

मी लिहिलं, "जुने नियम अतिशय उत्तम असल्याचे डेक्लन यांचे मत पडले."

ते वाचून नोरा किंचाळलीच. "अगं मेधा, हा माणूस वीस वर्षं या नियमांना शिव्या घालतोय!"

"पण ते ग्रँड म्हणाले!"

डेक्लन शांतपणे म्हणाला, "कुठल्या सुरात म्हणालो, ते नाही लिहिलंस."

*

मग नोराने फर्मान काढलं. तिघांनी जुन्या नियमांनी एकेक दावा भरून बघायचा, वर ठळक 'नमुना' लिहून.

डेक्लनचा परत आला. शेवटच्या पानावर सही राहिली होती. नोराचा परत आला. नोटीस भलत्याच खात्याला गेली होती. माझा मात्र दाखल झाला! दोन दिवस मी जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी आमच्याच कचेरीच्या नावाने जाड पाकीट आलं. प्रतिवादीच्या रकान्यात मी आमच्याच कचेरीचं नाव टाकलं होतं. 'नमुना' हा शब्द कुणी वाचलाच नव्हता. एकवीस दिवसांत उत्तर द्या!

उत्तर कसं द्यायचं ते तिघांनाही नियमांत सापडेना. शेवटी नोरा म्हणाली, "मुदतवाढ माग."

मागितली. मिळाली नाही. फॉर्म चुकला होता!

*

माझे सासरे, अण्णा, कराडकडच्या कोर्टात बेलीफ होते. ते इथे आले असताना एका रविवारी डेक्लन चहाला आला. मी दुभाषी.

अण्णा म्हणाले, "सांग त्येला, आमच्याकडं सरकारवर दावा लावायच्या आदी दोन म्हैनं नोटीस द्यावी लागती."

"कशासाठी?" डेक्लनने विचारलं.

"सरकारला चूक सुदरायला येळ नगं का?"

"मग सुधारतं?"

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "न्हाय. पर दोन म्हैनं निवांत जात्यात."

डेक्लन म्हणाला, "आमचं सरकारही निवांतच असतं. फक्त त्यासाठी नोटीस लागत नाही!"

*

मसुदा सामान्य माणसाला कळतो का, हे बघायला आम्ही ड्रोहेड्याहून ब्रीडाला बोलावलं. सत्तरीची बाई. गटार खणायला आलेल्या सरकारी माणसांनी तिच्या परसातलं सफरचंदाचं झाड चुकून तोडलं होतं. तिच्या आईने लावलेलं. तिला फक्त 'आमचं चुकलं' असं पत्र हवं होतं. तिचा दावा तीनदा परत आला होता.

डेक्लनने वाचून दाखवलं, "दावेदाराने संबंधित प्राधिकरणास विहित कालावधीत अवगत करणे बंधनकारक राहील."

"कोण हा दावेदार?"

"तुम्ही."

"मग मी इथेच बसलेय की! मला सांग ना."

डेक्लन गोरामोरा झाला. म्हणाला, "ब्रीडा, काय झालं ते आम्हाला तीन महिन्यांच्या आत कळवा."

"एवढंच होतं?" ती पुटपुटली. "मला वाटायचं, डोकं माझंच कमी आहे."

डेक्लनने मसुदा पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपलं ते वाक्य तसंच उतरवून घेतलं. आज तो पहिला नियम आहे.

ब्रीडाचा दावा चौथ्या खेपेला दाखल झाला. तिच्या फॉर्मवरचं अक्षर डेक्लनच्या अक्षरासारखं होतं म्हणे. मी ते मिनिट्समध्ये घेतलेलं नाही.

पत्र आल्यावर नोराने तिला फोन केला. "बरं वाटलं का?"

"हो तर! फ्रेम करून टॉयलेटमध्ये लावलंय. रोज निवांत वाचते!"

*

नवे नियम लागू झाले त्या सकाळी आम्ही तिघं उगाचच काउंटरच्या मागे फायली चाळत उभे होतो. पहिला दावेदार आला. शॅननकडचा एक म्हातारा, डोक्यावर टोपी. सरकारी व्हॅनने त्याच्या शेताचं गेट मोडलं होतं. जाम तापला होता.

नवा फॉर्म एकच पान. मधोमध एवढंच, 'काय झालं ते क्रमाने लिहा.'

म्हातारा भराभर लिहायला लागला. मग थांबला. वर छताकडे बघितलं. दोन ओळी खोडल्या. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. नोराचा चेहरा पडत चालला. शेवटी त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि उठला.

नोराला राहवेना. "काही कळलं नाही का? कुठे अडलं?"

"छे हो, सगळं कळलं. क्रमाने लिहायला घेतलं आणि आठवलं, गेट आदल्या दिवशी मीच उघडं टाकलं होतं. अर्धं रस्त्यावर."

डेक्लन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

म्हातारा दारापर्यंत गेला, थांबला, टोपी काढून परत काउंटरपाशी आला.

"बाई, सरकारची माफी मागायची असेल तर कुठला फॉर्म?"