गाळलेलं नाव

प्रेमावहिनींचा फोन आला की मी आधी घोटभर पाणी पितो. मुरबाडच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावर वहिनी जो कॉम्प्युटर चालवतात, त्याची सिस्टिम इतकी जुनी, की बनवणाऱ्या कंपनीनंही तिच्याकडे पाठ फिरवलीय. "टाका तो भंगारात," असं मी कितीदा डाफरलोय. वहिनी ऐकून घेतात आणि पुन्हा तोच चालवतात.

तो भगीरथचा, त्यांच्या नवऱ्याचा. भगीरथ माझा मित्र. काविळीनं गेला. त्याच्याजवळ बसून वहिनी बघत बघत काम शिकल्या होत्या. दिवसपाणी झालं आणि त्या त्याच खुर्चीत बसल्या. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना पेन्शनचे पैसे त्यांच्याकडे अंगठा लावून मिळतात. त्या कामावरच वहिनींचं घर चालतं.

यंदा अंगठ्याचं नवं यंत्र आलं आणि त्याचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. सोमवारपर्यंत सुरू झालं नाही, तर यंत्र आणि काम दोन्ही दुसऱ्या गावाला जाणार होतं.

मी फोनवरून सगळे उपाय सांगितले. अँटिव्हायरस बंद करा, जागा रिकामी करा, फाइल पुन्हा उतरवा. दर वेळी तोच एरर. शेवटी मी वैतागलो. "वहिनी, समोर काय लिहिलंय ते एकूण एक वाचा."

त्यांनी सावकाश वाचलं. "सी. युजर्स. ॲप डेटा. लोकल. टेम्प."

"युजर्सच्या पुढे एक नाव असतं. ते गाळलंत."

वहिनींनी पुन्हा वाचलं, आणि पुन्हा युजर्सवरून थेट ॲप डेटावर गेल्या.

"काय लिहिलंय तिथं? ॲडमिन? ओनर?"

"नाय... भगीरथ."

रेंज तुटत होती. "ऐकू नाही आलं!" मी ओरडलो.

"भगीरथ!" त्याही ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "मराठीत लिवलंय, भाऊजी."

मला स्वतःचीच लाज वाटली. त्यांच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे का मला ठाऊक नव्हतं? पण घोडं तिथंच अडलेलं. त्या सॉफ्टवेअरला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून ते भगीरथच्या फोल्डरपाशी येऊन बंद पडत होतं.

"मग त्यांचं नाव पुसाया लागंल?" वहिनींनी विचारलं.

"मुळीच नाही. ते राहू द्या. त्याच्या शेजारी तुमच्या नावाचं दुसरं खातं उघडा, इंग्रजी अक्षरांत."

त्यांनी मी सांगेन तसं ते उघडलं. सॉफ्टवेअर बिनबोभाट बसलं. सोमवारी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी नव्या यंत्रावर अंगठे लावले.

संध्याकाळी ते सांगायला वहिनींचा फोन आला. त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी म्हटलं, "नावाचं एवढं मनावर घेऊ नका. लग्नात उखाण्यात घेतलंच असेल की."

"तो उखाणा, भाऊजी. लोकांनी घेवाया लावला," वहिनी म्हणाल्या. "हाक मारल्यासारखं त्या दिवशी फोनवरच घेतलं. आन् घरात ओ देणारं कोन नव्हतं."