शेट्याचा गाळलेला थोरला

यंदा हेळवी यायची वेळ झाली, तसं आप्पा म्हणाले, "आला तर सांगा, घरी कुणी न्हाय." मला रागच आला. एरवी हेच आप्पा त्याची वाट बघून आमचं डोकं खायचे.

हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणणारा माणूस. काही वर्षांनी एकदा कर्नाटकातून आमच्या मुरुमला येतो, ओसरीवर बसून सगळे पूर्वज म्हणतो आणि शेवटी विचारतो, "नवं कोण आलं, कोण गेलं?" आमच्या वंशावळीचं मूळ परंड्याचा शेट्या, म्हणजे तिथल्या पेठेचा मुख्य व्यापारी. बाजार कुठं भरायचा, वजनं खरी का खोटी, भांडणाचा निवाडा, सगळं त्याच्याकडं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा नगराध्यक्षच म्हणा की!

आप्पांचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा त्या शेट्यात. मला आणि भावाला घेऊन ते एकदा परंड्याला गेले. सगळा किल्ला पालथा घातला, जुन्या पेठेत दारोदार विचारलं. शेट्याचं नाव कुणाच्या गावीही नव्हतं. एका किराणावाल्यानं बिचाऱ्यानं चहा तेवढा पाजला.

घरी येऊन आप्पांनी मोठ्या कागदावर घराण्याचं झाड काढलं. ज्याला पोरबाळ नाही त्याला गाळायचं, हा त्यांचा नियम. शेट्याचा थोरला मुलगा लग्नाआधीच तापानं गेला होता, असं हेळवी सांगायचा. आप्पांनी तोही गाळला. "वेल पुढं गेला न्हाय, त्याला कशाला धरायचं?"

भाऊ हसून म्हणाला, "मग माझं लवकर उरका आप्पा, नायतर मलाबी गाळाल."

काय बोलून बसला होता, बाई! गेल्या हिवाळ्यात ढोकीजवळ उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. त्याच्यासाठी मुली बघायला आम्ही नुकतीच सुरुवात केली होती. तेव्हापासून आप्पांनी त्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. झाडाचा कागद गुंडाळून ट्रंकेत टाकला.

हेळवी आलाच. आईनंच त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. आप्पा आत खाटेवर, तोंड भिंतीकडं. त्यानं शेट्यापासून सुरुवात केली, आणि लगेच त्या थोरल्याचं नाव घेतलं. आप्पा उठून दारात आले.

"त्याचा वेल न्हाय चालला. तरी म्हणता त्याला?"

"म्हणतो की मालक. घरात आला म्हंजे आला. आमच्यात गाळायची रीत न्हाय."

म्हणत म्हणत तो आप्पांपर्यंत आला, मग माझ्या भावापर्यंत. तिथं थांबला. "धाकट्या मालकाला लेकरं किती?"

आईनं पदर तोंडाला लावला. मी सांगायला लागले, तर आप्पांनी हातानंच मला गप्प केलं. "गेला तो. लग्न न्हाय, लेकरू न्हाय." मग ते हेळव्यासमोर खालीच बसले. "त्यालाबी म्हणाल ना? आमच्यामागं बी?"

"व्हय मालक. माझ्यामागं माझं पोरगं म्हणंल."

हेळव्यानं भावाचं नाव आप्पांच्या नावाला जोडून, त्याच चालीत म्हटलं.

"परत म्हणा," आप्पा म्हणाले.

त्यानं परत म्हटलं. आता आप्पांचाही आवाज त्यात मिसळला, आणि हेळवी थांबला तरी ते म्हणतच राहिले.