समीरच्या बेसमेंटमधले बाबा

माझी सगळ्यात चांगली बिअर माझ्या बाबांनी बनवली होती. हे मला ते गेल्यावर कळलं.

आज त्यांना जाऊन महिना झाला. सांगलीच्या घरी, झोपेतच गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी इथे अमेरिकेत, नोव्हायला गॅरेजमध्ये बिअर बनवतो. तयार किट आणून नाही. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचं. ते तासभर उकळायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालायची आणि गार झालं की यीस्ट घालून आंबवायचं. जवाची गोडी आणि हॉप्सचा कडवटपणा यांचा मेळ बसला की झालं.

माझा कधी बसायचा नाही. मला कडूचं वेड. मित्र "वा, स्ट्राँग आहे हं" म्हणायचे आणि ग्लास हळूच सिंकमध्ये ओतायचे.

आणि बाबांपासून हे सगळं लपवलेलं.

आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा आवाज खाली करून बोलला जायचा. आई-बाबा दर उन्हाळ्यात इकडे यायचे. ते यायच्या आधीच्या वीकेंडला मी पातेली, बादल्या, नळ्या, सगळं मिनीव्हॅनमध्ये कोंबून दोन गल्ल्या पलीकडे माझ्या मित्राच्या, समीरच्या बेसमेंटमध्ये नेऊन टाकायचो. गॅरेज फिनाइलने पुसायचो. मॉर्गेज भरणारा, एका मुलीचा बाप असलेला माणूस मी!

उन्हाळ्यातली बॅच मग समीर करायचा, माझ्याच रेसिपीने. आणि दर वेळी ती माझ्यापेक्षा भारी व्हायची. पार्टीत सगळ्यात आधी तीच संपायची.

"तू नक्की काय वेगळं करतोस?"

"काही नाही यार, लक आहे."

काल समीर घरी आला. गॅरेजमध्ये उभ्या उभ्याच म्हणाला, "तुला एक सांगायचंय. लक नव्हतं. काका होते."

बाबा रोज सकाळी वॉकला जायचे. पांढरे शूज, डोक्यावर माझ्या मुलीची, ईशाची कॅप. चांगले दोन तास. आम्ही म्हणायचो, या वयात स्टॅमिना बघा!

ते समीरकडे बसलेले असायचे.

पहिल्याच वर्षी त्याच्या घरावरून जाताना त्यांना जव शिजल्याचा वास आला आणि त्यांनी बेल वाजवली. बाबांची सगळी नोकरी दूध डेअरीत झालेली. समीरच्या हातात गोडी मोजायचा हायड्रोमीटर बघून म्हणाले, "अरे, हा तर आमच्या लॅक्टोमीटरचा भाऊ! यानं काय मोजतोस?"

समीर घाबरून खरं बोलून गेला. सामान कोणाचं, हेही.

बाबांनी म्हणे खुर्ची ओढली आणि बसले.

"एवढी फुलं पहिल्यापासून कशाला उकळतोस? कोथिंबीर आपण आमटीत शेवटीच घालतो ना? तरच वास राहतो."

समीरने थोडी सुरुवातीला घातली, बाकीची गॅस बंद करताना. कडवटपणा बेतात आला आणि जवाची गोडी पहिल्यांदाच जिभेला लागली.

सगळंच जमलं असं नाही. एकदा बाबांनी हट्टाने गूळ घालायला लावला. गुळाची सगळी साखर आंबून गेली आणि बिअर अगदीच पातळ झाली, सगळी ओतून द्यावी लागली. मला सांगितलं होतं, बाटल्या फुटल्या.

"बाबा प्यायचे?" मी विचारलं.

"चहाच्या कपातून दोन घोट. म्हणायचे, चाखल्याशिवाय कळणार कसं?"

आता आठवतं, ईशा एकदा त्यांच्या मांडीवर बसून म्हणाली होती, "आजोबा, यू स्मेल लाइक सीरियल!" आम्ही सगळे हसलो. बाबा सगळ्यात जोरात.

त्यांनी समीरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चिरंजीवांना यातलं काही बोलू नकोस. बिचारा एवढं सामान वाहून नेतो माझ्यासाठी."

इथपर्यंत मी हसत होतो.

मग समीरने गेल्या उन्हाळ्याचं सांगितलं. परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी बाबा त्याच्याकडे गेले. कप विसळून ठेवला आणि म्हणाले, "यंदाही बोलला नाही रे तो."

"मी सांगू का त्याला, काका?"

"नको. तू सांगितलंस तर मला ग्लास देईल आणि मान खाली घालून बसेल. तसं नकोय मला. त्याने स्वतःहून म्हणावं, बाबा, ही मी बनवलीय, बसा जरा. मग मीही त्याला सगळं सांगेन."

दारात बूट घालताना म्हणाले, "पुढच्या वर्षी म्हणेल."

मी समीरवर ओरडलो. "अरे, मला एक फोन करायचास!"

"काकांना शब्द दिला होता यार. आणि वाटलं, टाइम आहे."

त्याच्यावर चिडून काय करू? मलाही तेच वाटत होतं.

आमच्या दोघांना फोनवर बोलायला विषय नसायचा. हवा कशी आहे, गाडी कशी चाललीय, थांब, आईला देतो. आणि इथे, दोन गल्ल्या पलीकडे, बाबा माझ्याच आवडीच्या गोष्टीवर समीरशी तासन्‌तास गप्पा मारत होते.

मला समीरचा हेवा वाटतो. खरंच वाटतो. ते उन्हाळे मला हवे होते.

बाबा, मी बिअर बनवतो. बरीच वर्षं झाली.

ही मी बनवलीय. बसा ना जरा.

एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही समोर होतात तेव्हा जमलं नाही. मनापासून नमस्कार, बाबा.