आईच्या न्हाणीतला मिक्सर

पहिल्यांदा निघाले तेव्हा कसबा बावड्यात आमच्या दारासमोर गाडी उभी होती आणि आई डिकीत कांदालसूण चटणीची पिशवी कोंबत होती. "तिकडं असली मिळत न्हाय," ती म्हणाली, मी निघाले होते त्या आइंडहोव्हनला स्वतः राहून आल्यासारखी. मी "जाते" म्हणाले तर डाफरली, "जाते काय? येतो म्हण." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. गाडी वळली तेव्हा आई दारात एकटी उभी होती. दादाचं लग्न अजून व्हायचं होतं. खरं सांगते, रडता रडता मनात एक बारीक समाधान होतं: माझ्यावाचून हिचं कसं चालणार?

चाललं. उत्तम चाललं. सुनंदा वहिनी आली, उचगावची, आणि दोन वर्षांत आईला तिच्याशिवाय पान हलेना.

तिकडं माझं काय चाललं होतं? भाड्याच्या घरात शॉवरचा मिक्सर नळ गळायला लागला. प्लंबरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची. मग व्हिडिओ बघत पान्हा हातात घेतला. मेन कॉक बंद करायचा विसरले आणि कपड्यांसकट चिंब भिजले. हसायला घरात कुणीच नव्हतं, ते जास्त लागलं. पण शिकले. तुमच्यापैकी जे असे दूर गेलात, त्यांना हे शिकणं ठाऊक असेल. तिथं कुणाला हाक मारायची सवय हळूहळू मोडते.

यंदा सुट्टीला गेले तर दादानं बांधलेल्या नव्या बाथरूममधला मिक्सर गळत होता. हँडल कितीही दाबून बंद करा, सोलरचं गरम पाणी टपटपतच राहायचं. प्लंबर रोज "उद्या येतो" म्हणायचा. मी म्हटलं, "मी करते."

आई हसली. "तू? चार दिसाची पावणी तू. गप बस की."

पावणी. हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला. त्यात आई झोपेतून उठली की हाक "सुनंदा!" मी समोर बसलेली असले तरी.

हट्टानं गच्चीवरचे टाकीचा आणि सोलरचा असे दोन्ही कॉक बंद केले. हँडलचा स्क्रू काढला, आतलं कार्ट्रिज उपसलं. गरम-थंड पाणी मिसळणारा अंगठ्याएवढा भाग तो. त्याच्या रबरी रिंगेला क्षार धरून चिरा पडल्या होत्या. तो घेऊन वहिनी आणि मी तिच्या स्कूटरवरून मंगळवार पेठेत गेलो. दुकानदारानं तसंच नवं काढून दिलं आणि वहिनीला विचारलं, "आत्तींचं गुडघं कसं हायत आता?" सासूला वहिनी आत्ती म्हणते, हे त्यालासुद्धा माहीत. आईचे गुडघे दुखतात, हे मला माहीत नव्हतं.

घरी येऊन नवं बसवलं, नट आवळला, पाणी सोडलं. थेंब नाही. आईनं खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, "पोरीनं केलं की गं!" मी फुलून गेले. आणि त्याच दमात ती म्हणाली, "आता न्हातो. सुनंदा, पाठ चोळायला ये गं."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "वन्सं, आज तुमी जावा की."

मी गेले. आई स्टुलावर बसली होती. मी साबण लावून चोळायला लागले.

"हळू गं. सुनंदा खांद्यापासनं खाली आणती."

माझा हात थांबला. "मग तिलाच बोलव," माझ्या तोंडून निघून गेलं.

आईनं केस पुढं घेतले. तेवढ्यात तिच्या खांद्याखाली वीतभर काळपट डाग दिसला. "हे काय?"

"भाजलं. गेल्या उन्हाळ्यात हँडल उलटं फिरवलं, कढत पाणी आलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगून काय? तिकडं रडत बसली असतीस. सुनंदानं कोरफड लावली की म्हयनाभर."

म्हणजे त्या पाठीवर काय झालं, कधी झालं, कधी बरं झालं, सगळं वहिनीला ठाऊक. मी नुसती उभी राहिले, हातात साबण घेऊन.

"थांबलीस का?" आई वळून न बघता म्हणाली. "ती रोज चोळती, तिला ठावं हाय. तू चोळ. मी सांगतो की, कुठं ते."

आणि ती सांगत गेली. डावीकडं. अजून खाली. तिथं नको, दुखतंय. मी ऐकत गेले. डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तर साबण गेला म्हणाले असते.

आता परत इथं, आइंडहोव्हनला आहे. रविवारी फोन केला की वहिनीला विचारते, "आज पाठ कुणी चोळली?"

"मीच की वन्सं. आनी कोन?" ती हसते.

मला हेवा वाटतो. वहिनीचं काही चुकत नाही हे कळतं, तरी वाटतो. पूर्वी वाटायचं, हा हेवा गेला म्हणजे मी इथं रुजले. आता तो जावा असं वाटत नाही. परक्या बाईची पाठ कोण चोळतं, याचा कुणी हेवा करत नाही.