पाव मताने पडलेला विल्बर

विल्बर पडला तेव्हा फळ्यावरचा आकडा माझ्या हातचा होता. ११८.२२. त्याच्या वरच्या ओळीत त्याच्या मामाचा आकडा, ११८.४६. पाव मताचा फरक. नेमकं सांगायचं तर पावालाही किंचित कमी.

नाउरूत, आमच्या या बेटावर, मत असं तुटतं. मतपत्रिकेवर जेवढी नावं, तेवढ्या सगळ्यांपुढे नंबर लिहायचा. पहिल्याला पूर्ण मत, दुसऱ्याला अर्धं, तिसऱ्याला एक तृतीयांश, असं उतरत उतरत शेवटच्यापर्यंत. एकही नाव कोरं ठेवलं तर पत्रिका बाद. त्यामुळे मत कोणाला दिलंस, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. मला कितवा दिलास, असं विचारतात. मी सुव्याच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन परतले, आणि मला मतमोजणीच्या ऑफिसात या अपूर्णांकांची नोकरी मिळाली.

विल्बर आमचा शेजारी. वय एकेचाळीस, आवाज मोठा, पायात कायम एकाच पट्ट्याची चप्पल. बेटावर फॉस्फेटच्या खाणींचा पैसा होता तेव्हा त्याच्या बापाने एक मोठी स्पीडबोट मागवली. ती चालवता कोणालाच येत नव्हती. बापाने ती अंगणात ठेवली आणि रोज संध्याकाळी तो तिच्यात बसून बिअर प्यायचा. बाप गेला, पैसाही गेला. बोट राहिली. विल्बरने तिच्यात पावसाचं पाणी साठवायला सुरुवात केली.

पाणी हाच त्याचा धंदा. तो सरकारी टँकर चालवायचा. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना एकच, विहिरी खाऱ्या, आणि पाऊस येईल तेव्हा येईल. म्हणून मागणी नोंदवायची आणि टँकरची वाट बघायची. रोज सकाळी सात वाजता विल्बरच्या हातात यादी पडायची. आज कोणाची टाकी आधी, कोणाची नंतर.

"पदवीबाई, सरकार बदललं बरं का," तो सकाळी खिडकीतून ओरडायचा.

"रेडिओवर तर काही नाही."

"रेडिओला काय कळतंय? काल पहिल्या नंबरवर होता तो आज एकविसावा आहे. आणि एकविसावा होता त्याच्याकडे मी आत्ता दोन फेऱ्या टाकून आलो."

त्याचं कधी चुकलं नाही. दुपारपर्यंत बातमी यायची की अविश्वास ठराव मंजूर झाला.

अठरा जणांची आमची संसद, विमानतळाच्या धावपट्टीसमोर. पक्ष आहेत, म्हणजे असतात मधूनमधून. मी दुसरीत असताना एक पक्ष निघाला होता. मी तिसरीत जाईपर्यंत त्याचे दोन्ही सदस्य भांडून वेगळे झाले. खरे पक्ष दोनच. एक खुर्चीत बसलेल्यांचा आणि एक गेल्या महिन्यात खुर्चीत बसलेल्यांचा. माणसं तीच. अदलाबदल इतकी चालते की समोरासमोरच्या बाकांऐवजी गोल टेबल ठेवलं असतं तर चालण्याचे कष्ट वाचले असते.

एइनोबा आजी नसती तर विल्बर या भानगडीत पडला नसता. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी, उत्तरेच्या टोकाला एकटी राहणारी. तिने पाण्याची मागणी नोंदवली तेव्हा यादीत ती तिसरी होती. त्या रात्री सरकार पडलं. नव्या मंत्र्यांचे मेहुणे, साडू, चुलते वर चढले. आजी नववी झाली. दहा दिवसांनी तेही सरकार पडलं. आजी चौदावी. तिने स्वतः काहीच केलं नव्हतं. सरकारं पडत होती आणि लागत होतं तिला. सव्विसाव्या दिवशी विल्बर पोचला तेव्हा ती शहाळ्याच्या पाण्यात भात शिजवत होती.

"ये," ती म्हणाली. "राष्ट्राध्यक्ष कोण आहे सध्या?"

त्याच संध्याकाळी त्याने बायकोला, एइराडला सांगितलं की मी निवडणुकीला उभा राहतोय. मी तिथेच होते. मासे साफ करत होते.

"आणि टँकर?" एइराडने विचारलं.

"राजीनामा द्यावा लागेल. सरकारी नोकराला उभं राहायचं तर राजीनामा द्यावा लागतो. कायदाच आहे."

"मंत्री कुठे राजीनामा देतात?"

"ते नोकर नाहीत ना."

"चार पोरं आहेत, विल्बर."

"माहीत आहे. मोजलीत मी."

"मग निवडून आला नाहीस तर त्यांना काय तुझे अपूर्णांक वाढू?"

तो हसला नाही. "यादी बदलायची आहे मला," तो म्हणाला. "बाकी काही नको. आजीला परत सव्वीस दिवस लागले तर ती जाईल."

पुठ्ठ्यावर रंगाने एकच ओळ लिहून तो फिरला. 'पाणी नंबराप्रमाणे.' घरोघरी त्याला ताट वाढलं गेलं. कॅनमधलं मटण, भात, भाजलेले नॉडी पक्षी. घरोघरी एकच उत्तर मिळालं.

"पहिला तुलाच रे बाबा."

आमच्या घरीही मिळालं. माझ्या आईने सहा उमेदवारांना पहिला नंबर कबूल केला होता. आठांपैकी सहा नात्यातले, ती तरी काय करणार?

"खोटं बोलतेस तू, आई," मी म्हटलं.

"खोटं कुठे? ज्याला म्हणाले, त्या वेळी मनापासून म्हणाले."

आमच्या मतदारसंघात जागा दोन. पहिली शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांची, हे उघड होतं, कारण अर्ध्या मतदारसंघाने त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या आणि भीती जात नाही. चुरस दुसऱ्या जागेची. तिथे विल्बरच्या समोर विल्बरचा सख्खा मामा होता.

इत्सिओमामा सदुसष्ट वर्षांचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. पाच सरकारांत मंत्री, आणि ती पाचही सरकारं एकमेकांच्या विरोधातली. आमच्याकडे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मामाचा मान बापाहून मोठा. विल्बर अर्ज भरण्याआधी त्यांची परवानगी मागायला गेला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उभा राहा की. लोकशाही आहे," ते म्हणाले. "फक्त रीतभात विसरू नकोस."

मतमोजणी दुपारी संपली. शेवटचे आकडे मी लिहिले आणि खडू तसाच हातात धरून उभी राहिले. एइराड मागच्या बाकावर होती. तिने फळा वाचला आणि उठून बाहेर गेली.

विल्बर पुढे आला. "किती कमी पडलं?"

"पाव मत."

"पाव मताचा माणूस कोण असेल गं? लहान मूल?"

"दादा, फेरमोजणी माग. पाव मत म्हणजे काहीच नाही. एका माणसाने नुसता तुझा आणि मामांचा पहिला-दुसरा उलटा लिहिला असता तरी तू आला असतास. तू अर्ध्याने वर, ते अर्ध्याने खाली. पाऊण मताने जिंकला असतास."

त्याने नजर चपलेकडे वळवली. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"दादा. तू स्वतःला कितवा दिलास?"

"दुसरा."

"आणि पहिला?"

"मामा उभा असताना मी स्वतःला पहिला कसा लिहिणार?"

"अरे, गुप्त मतदान असतं!"

"गुप्त असलं म्हणून काय झालं? मला दिसत होतं ना."

मी सुव्याला तीन वर्षं शोकांतिका वाचल्या. त्यांत कुठेही नायक स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने, नीट अक्षरात स्वतःला दुसरा लिहीत नाही. मी खडू खाली ठेवला.

तेवढ्यात मामा आले, गळ्यात चाफ्याच्या माळा. सगळ्या हॉलदेखत त्यांनी विल्बरला मिठी मारली.

"चांगला लढलास, पोरा."

"मामा, एक विचारू?" विल्बर म्हणाला. "तुम्ही पहिला कोणाला दिलात?"

"मला."

"स्वतःला?"

"मग? मोठ्याला पहिला द्यायचा असतो." मामांनी हॉलकडे वळून आवाज चढवला. "हीच आपली रीत. या बेटावर सगळं बदललं, पण मोठ्याचा मान पहिला, हे बदललं नाही. बदलू देणार नाही!"

टाळ्या पडल्या. विल्बरनेही वाजवल्या.

"आणि मला कितवा?"

"तुला सातवा. तू तरुण आहेस. तू वाट बघू शकतोस."

पुढचे दोन महिने विल्बरने वाट बघितली. सकाळी गळ टाकून खडकावर बसायचा. जे मिळेल ते घरी, जास्त मिळालं तर शेजारी. त्याच्या घराचा पाण्याचा नंबर एकतिसावा झाला. एइराडने बोटीतलं पाणी वापरायला काढलं. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याला तेच सहन होत नव्हतं. गावात भेटेल तो गळ्यात पडून सांगायचा, "विल्बर, देवाशपथ, दुसरा तुलाच दिला होता."

तिकडे संसदेत नऊ आणि नऊ झाले होते. सभापती हवा, पण सभापतीला मत नसतं. जी बाजू आपला माणूस त्या खुर्चीत बसवेल ती आठवर येणार. म्हणून सभापतिपदाला कोणी हात लावेना. एकमेकांना आग्रह करत होते. इतका सभ्यपणा त्या इमारतीत पूर्वी कोणी पाहिला नव्हता. शेवटी इत्सिओमामा एका बाजूबरोबर जेवायला बसले आणि हात धुऊन दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. दहा-आठ. देशहित, असं ते रेडिओवर म्हणाले. संध्याकाळी ते पाणीमंत्री झाले.

टँकर तेव्हा कोणा आधीच्या मंत्र्याचा भाचा चालवत होता. त्याने दोन आठवड्यांत दोनदा टँकर किनाऱ्याच्या वाळूत रुतवला. तिसऱ्यांदा टँकर धावपट्टी ओलांडताना बंद पडला आणि आठवड्याचं विमान डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. मामांनी विल्बरला बोलावलं.

"टँकर परत घे. घरचा माणूस बरा."

"आणि यादी?"

"यादी माझ्या ऑफिसात होईल."

"नंबर कसे लावायचे?"

"रीतीप्रमाणे," मामा म्हणाले. त्यांना घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्बरने यादी माझ्या हातात दिली. पहिलं नाव मामांचं. मग मामांचा जावई, नवे सभापती, सभापतींची धाकटी बहीण. सगळ्यात खाली सतरावी एइनोबा आजी.

"तुझ्या मोजणीच्या ऑफिसात सगळ्यांच्या जन्मतारखा असतात ना?"

"मतदारयादीत असतात. मतदारयादी उघडीच असते, कोणीही बघावी."

"मग या सतराजणांच्या लिही पुढे."

मी लिहिल्या. त्याने पेन्सिल घेतली आणि नवे नंबर टाकले. या वेळी हात थांबला नाही.

साडेदहाच्या सुमारास किनाऱ्याच्या रस्त्यावर मामा टँकरला आडवे झाले. कमरेला टॉवेल. केसांत साबण वाळून पांढरा झालेला. मी टँकरमध्ये विल्बरच्या शेजारी बसले होते. दुकानांतून माणसं बाहेर आली.

"विल्बर! पाणी कुठेय माझं?"

"येतंय, मामा. तुमचा सातवा नंबर आहे."

"सातवा? यादीत पहिलं नाव कोणाचं आहे?"

"तुमचं होतं. पण तुम्हीच म्हणालात, रीतीप्रमाणे. मोठ्याला पहिला. एइनोबा आजी एक्याऐंशीची. तिची टाकी भरूनच आलो. मग तो पाय गेलेला म्हातारा, अठ्ठ्याहत्तर. तुमच्या वर सहाजण आहेत. जन्मतारखा या बघा."

मामांनी कागद घेतला. लोक जवळ सरकले. मतमोजणीच्या दिवशी टाळ्या वाजवणारे बरेचजण त्यांत होते. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग आभाळाकडे. ढग नव्हता.

"मी मंत्री आहे," ते हळूच म्हणाले.

"हो मामा. पण सदुसष्टचे. तरुण आहात. वाट बघू शकता."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा रस्ता हसला. रीत मोडा, असं मामांना भर रस्त्यात, टॉवेलवर म्हणता येईना. त्यांनी यादी परत दिली आणि साबणासकट घरी गेले.

तेव्हापासून यादी वयाने लागते. कागदावर तसा हुकूम कुठेच नाही. पण ही रीत मोडायची तर कोणीतरी उभं राहून म्हणायला हवं की म्हाताऱ्यांना नंतर द्या, आणि पुढची निवडणूक कधीही येते. प्रचाराच्या पोस्टरवर एकोणपन्नास वर्षांचा असलेला एक सदस्य परवा पाणीखात्यात येऊन सांगून गेला की चर्चच्या दप्तरात त्याचा जन्म चुकीचा नोंदला आहे, तो खरं तर सत्तरीला आलाय.

मामांचं सरकार पाच आठवडे टिकलं. नवे पाणीमंत्री बहात्तरचे. त्यांना ही पद्धत फार आवडली, त्यांनी विल्बरला कायम केलं.

एइराड आता बोलते. जास्तच बोलते, असं विल्बर म्हणतो. त्यांच्या घराचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी असतो. दोघंही चाळिशीतले, इलाज नाही. बोटीतलं पाणी अजून वापरतात.

एइनोबा आजीची मात्र तक्रार आहे. काल तिने मला थांबवलं.

"त्या विल्बरला सांग जरा. उजाडायच्या आत येऊन भोंगा वाजवतो. पूर्वी महिना महिना येत नव्हता, तेव्हा झोप तरी व्हायची."