जैनबच्या भावाचं न्यायालय

शिकलगार सर गेल्याची बातमी मला कोर्टाच्या जिन्यावर कळली. बाररूमचे जुने शिपाई वर येत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं सर गेलं की हो... आज पहाटं." माझ्या केसचा पुकारा झाला होता, म्हणून आत गेले, तारीख मागून घेतली आणि तशीच मंगळवार पेठेतलं त्यांचं घर गाठलं. परवा त्यांचा चाळिसावा झाला. इतके दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते.

पासष्टचं युद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा मी लॉ कॉलेजात आले. वर्गात आम्ही दोघीच मुली. रशीद शिकलगार सर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, आणि मुलगा प्राध्यापक. तो विषय परीक्षेपुरता वाचायचा, असं आम्ही सगळेच मानायचो. सर मात्र युरोपातल्या एका न्यायालयाबद्दल बोलायला लागले, की घंटा झाल्याचंही त्यांना कळायचं नाही. सहा देशांनी मिळून ते उभारलं होतं. तिथला एक खटला ते नेहमी सांगायचे. एका व्यापाऱ्यानं शेजारच्या देशातून माल आणला आणि सीमेवर त्याच्याकडून त्या सहा देशांच्या करारात ठरल्यापेक्षा जास्त कर घेतला. तो आपल्याच सरकारविरुद्ध उभा राहिला. सरकार म्हणालं, करार देशादेशांतला, तू मधे कोण? न्यायालयानं सांगितलं, या करारानं माणसांनाही हक्क दिलेत. "आता सहाही देशांतल्या न्यायाधीशांना हे मानावं लागणार," सर सांगायचे. "कायदे असेच जवळ येतात. कुणीतरी एकटा माणूस तक्रार घेऊन जातो, तेव्हा."

मागच्या बाकावरचा पाटील एकदा उठला. "सर, आमचा गूळ निपाणीच्या नाक्यावर अडवला, तर आमी बी तिकडंच जायाचं का?"

"जा की! पण आधी पासपोर्ट काढ." वर्ग हसला. सरही पोटभर हसले.

त्या हसण्यामागचं मला पुढं कळलं. टिपणं मागायला त्यांच्या घरी गेले होते. सोप्यात त्यांच्या अम्मा बसलेल्या, डोळ्यांनी अधू. पावलांची चाहूल लागताच म्हणाल्या, "कोण? पोस्टातनं आलास व्हय? कराचीची चिठ्ठी हाय का?"

सरांची थोरली बहीण जैनब. फाळणीच्या आधी लग्न होऊन कराचीला गेली, नवरा तिथल्या बंदरात कारकून. ती गेली तेव्हा कराची म्हणजे फक्त लांबचं गाव होतं. मग मधे देशांची सीमा आली, आणि युद्धानंतर पत्रंही थांबली. लंडनमधल्या एका नातेवाइकाकडून वर्षाकाठी एखादं यायचं. इकडं अम्मांची तब्येत ढासळत होती. त्यांना एकदा मुलीला भेटायचं होतं, बाकी काही नाही.

"दोन्ही सरकारांकडं अर्ज केले," सर म्हणाले. "दोन्हीकडनं उत्तर एकच. तूर्त शक्य नाही."

मी नवशिकी. पटकन म्हणाले, "मग कोर्टात का नाही जात सर?"

"कुठल्या?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी परीक्षेतला प्रश्न विचारावा तसं. "इथलं कोर्ट तिथल्या सरकारला हुकूम देऊ शकत नाही. तिथलं इथल्याला नाही. दोघांच्या वर कोण आहे, सांग."



पुढच्या वर्षी अम्मा गेल्या. जैनबना ते कळायला चार महिने लागले. अम्मा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सर वर्गावर आले आणि राहिलेला धडा शिकवला. फक्त मधेच थांबले, खिडकीबाहेर पाहिलं... आणि म्हणाले, "कुठवर आलो होतो आपण?"

नंतर आणखी एक युद्ध झालं. सत्तरचं दशक सरता सरता व्हिसा मिळू लागले, आणि जैनब एका महिन्यासाठी माहेरी आल्या. पोलिसांत परदेशी म्हणून नोंद करायची होती. मी तोवर वकिली करत होते, सरांसोबत गेले. हवालदारानं फॉर्म पुढं ओढला.

"जन्मगाव?"

"कोल्हापूर," जैनब म्हणाल्या.

"कुठली पेठ?"

"मंगळवार."

त्यानं पेन खाली ठेवला. "मग पावणं कशानं म्हणायचं तुमास्नी?"

"तेच की रं बाबा," जैनब म्हणाल्या, "मी बी तेच इचारत्ये."

महिना संपला आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

दोन-तीन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, आपला आणि जैनबांचा देश धरून सात शेजारी देशांनी मिळून संघटना काढली, तेव्हा सरांनी तिची सनद कुठूनशी मिळवली. मी गेले तर ती मांडीवर घेऊन बसलेले. दोन देशांतले तंटे तिथं काढायचेच नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. न्यायालयाचं तर नावच नव्हतं. मला वाटलं, ते खचतील. ते म्हणाले, "युरोपातल्या त्या सहा जणांनी तरी आधी कोळसा आणि पोलादापासनंच सुरुवात केली होती. हे सात जण एका टेबलाभोवती बसले, हे थोडं न्हाय." आणि चहा सांगितला.

चाळिसाव्याच्या दिवशी चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला माडीवर नेलं. "तुझ्या कामाचं काय हाय ते तूच बघ," म्हणाल्या. टेबलाच्या खणात टाइप केलेला एक अर्ज होता, कागद पिवळा पडलेला. अर्जदार: सरांच्या अम्मा, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. प्रतिवादी: दोन देशांची सरकारं. मागणी एकाच ओळीची, अर्जदार हयात असेपर्यंत तिला तिच्या मुलीची भेट घेऊ द्यावी. खाली अम्मांचा अंगठा होता, शाईचा, स्पष्ट उमटलेला.

मी वकील म्हणून तो दोनदा वाचला. एक शब्दही बदलावासा वाटला नाही. सगळं नेमकं भरलेलं होतं. फक्त सगळ्यात वर, न्यायालयाचं नाव लिहायच्या जागी, सरांनी एक ओळ मोकळी सोडली होती.